संशोधनाची उमेदवारी

'उमेदवार' या शब्दाला मराठींत दोन अर्थ आहेत. जागा मागणारा तो उमेदवार, हा एक. आणि कचेरींत, छापखान्यांत किंवा वैद्याच्या घरीं थोडक्या पगारावर, प्रसंगीं पगारावांचून, राहून काम शिकणारा तो उमेदवार, हा दुसरा. कारखान्यांतील 'शिकाऊ उमेदवार' सोडले तर हा दुसरा अर्थ आतां मागें पडला असून पहिला मात्र निवडणुकींच्या कृपेनें धडधाकट आहे. भाषेंत जें घडलें तेंच आमच्या विद्यापीठांतील पदव्युत्तर संशोधनांत घडलें आहे, असें आमचें म्हणणें आहे. पीएच्.डी.स नांव नोंदविणारा तरुण पदवीचा उमेदवार असतो. संशोधनाची उमेदवारी तो करीत नाहीं, आणि त्याच्याकडून ती कोणी करवूनहि घेत नाहीं.

हा प्रश्न केवळ प्राध्यापकांच्या सभांतून चघळावयाचा आहे असें आम्ही मानीत नाहीं. हें मासिक ज्या घरांत वाचलें जातें त्यांपैकीं पुष्कळ घरांत एम्.ए. किंवा एम्.एस्सी. झालेली मुलगी वा मुलगा 'आतां पीएच्.डी. करावी म्हणतें' किंवा 'म्हणतों' असें बोलत असेल, आणि आईवडिलांनीं त्यास कौतुकानें रुकार दिला असेल. हा रुकार देतांना आपण काय देऊन काय घेत आहों याचा हिशेब मात्र क्वचितच मांडला जातो. नियमाप्रमाणें या पदवीस किमान ३ व कमाल ६ वर्षें लागावयाचीं. म्हणजे पंचविशीपासून तिशीपर्यंतचा काळ, ज्या काळांत मनुष्य कोणतेंहि कसब हस्तगत करण्यास सर्वांत लायक असतो तो काळ, यांत खर्ची पडतो. ज्यांना कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ति मिळते त्यांची गोष्ट वेगळी. २०२३ पासून ती दरमहा ३७,००० रुपये झाली आहे. बाकीच्यांपैकीं अनेकजण वडिलांच्या निवृत्तिवेतनावर किंवा तासिका तत्त्वावरील शिकवणीवर दिवस काढतात. शेवटीं सोनेरी अक्षरांचा जाडजूड ग्रंथ बांधून होतो, मौखिक परीक्षेच्या दिवशीं पेढे वाटले जातात, आणि दारावरच्या पाटींत एक अक्षर व एक टिंब यांची भर पडते. परंतु ज्या गोष्टीसाठीं हा सारा खटाटोप करावयाचा ती गोष्ट, म्हणजे अज्ञात वस्तूचा स्वतःच्या बळावर शोध घेण्याची शक्ति, पुष्कळांच्या ठिकाणीं नांव नोंदविलें त्या दिवशीं होती तेवढीच राहते. ही फसवणूक आहे, आणि ती प्रथम विद्यार्थ्याची आहे.

विद्यापीठ अनुदान आयोगानें हें ओळखलें नाहीं असें नाहीं. आयोगानें नियम केले, आणि नियम केले म्हणजे काम झालें असें मानण्याची आपल्या देशांत चाल आहे. २००९ च्या नियमांनीं पीएच्.डी.च्या विद्यार्थ्यास एका सत्राचा अभ्यासक्रम सक्तीचा केला, आणि प्रबंध सादर करण्यापूर्वीं एक तरी निबंध विद्वन्मान्य नियतकालिकांत छापलेला असला पाहिजे असें ठरविलें. हेतु उत्तम होता. परिणाम काय झाला? पैसे घेऊन आठवड्याभरांत वाटेल तो निबंध छापून देणाऱ्या नियतकालिकांचें उदंड पीक आलें. मग त्यांतील खरीं कोणतीं व खोटीं कोणतीं हें ठरविण्यासाठीं २०१९ मध्यें एक मान्य यादी आली. यादी आल्यावर यादींतल्या नियतकालिकांच्या नांवाचे तोतये निघाले. २०२२ च्या नियमांत निबंधाची सक्तीच काढून टाकण्यांत आली, आणि २०२५ च्या फेब्रुवारींत ती यादीहि गुंडाळली गेली. विद्यापीठांतील सहायक प्राध्यापकाच्या जागेस पीएच्.डी. हवी कीं नको याचीहि अशीच गत झाली. ती १ जुलै २०२१ पासून हवी असें ठरलें होतें, ती तारीख दोन वर्षें पुढें ढकलली गेली, आणि ती उजाडली तेव्हां नेट किंवा सेट पुरे, पीएच्.डी. ऐच्छिक, असा निर्णय झाला. मधल्या काळांत ज्यांनीं केवळ नोकरीच्या धास्तीनें नांवें नोंदविलीं होतीं त्यांनीं काय करावें, हें कोणी सांगितलें नाहीं.

वाङ्मयचौर्याचा २०१८ चा नियम तर मोठा बोधप्रद आहे. प्रबंधाचें साम्य दुसऱ्या लेखनाशीं १० टक्क्यांपर्यंत असेल तर शिक्षा नाहीं. १० ते ४० असेल तर सुधारून पुन्हा द्या. ४० ते ६० असेल तर वर्षभर बंदी. ६० च्या वर असेल तर नोंदणी रद्द. हें साम्य मोजतें यंत्र, आणि यंत्र मोजतें शब्द. त्यामुळें विद्यार्थी दुसऱ्याचा विचार न घेण्यास शिकला नाहीं. दुसऱ्याचे शब्द फिरविण्यास शिकला. 'महत्त्वाचें' असेल तेथें 'मोलाचें' घालावें, कर्तरी वाक्याचें कर्मणि करावें, इंग्रजी ग्रंथांतील परिच्छेद मराठींत उतरवावा, म्हणजे टक्के आपोआप उतरतात. चोर पकडण्यासाठीं केलेल्या नियमांतून चोरी न पकडली जाण्याची विद्या तेवढी वाढीस लागली. आणि जो मुळांत चोर नव्हता, त्या सरळ मुलाच्याहि मनावर असें ठसलें कीं प्रामाणिकपणा म्हणजे नऊ टक्के.

राहिला तो सक्तीचा अभ्यासक्रम. आजच्या नियमाप्रमाणें त्यास किमान १२ श्रेयांक असून त्यांत संशोधनपद्धति व संशोधनाची नीति हे विषय आवश्यक आहेत. हा अभ्यासक्रम निरुपयोगी आहे असें म्हणण्याचें आमच्या मनांत नाहीं. संदर्भ कसा द्यावा, नमुना कसा निवडावा, सरासरी आणि मध्यक यांत भेद काय, हें ज्यास ठाऊक नाहीं त्यास तें सांगावेंच लागेल. पण संशोधनाच्या सोळा व्याख्या आणि गृहीतकांचे सात प्रकार पाठ करून परीक्षा देणारा विद्यार्थी संशोधनास लायक झाला असें समजणें म्हणजे विहिरीच्या काठावर बसवून पोहण्याचे नियम सांगावे आणि प्रमाणपत्र देऊन पुरांत ढकलावें तसें आहे.

याचीं फळें पाहावयाचीं असतील तर कोणत्याहि विद्यापीठाच्या प्रबंधांची यादी उघडावी. गांधीनगरच्या 'शोधगंगा' या भांडारामुळें तीं आतां घरबसल्या पाहतां येतात. मराठी विषयाचेंच घेऊं, कारण तें आमच्या वाचकांच्या जवळचें आहे. अमुक लेखकाच्या समग्र साहित्याचा 'चिकित्सक अभ्यास' असें शीर्षक असलें कीं पुढचें न वाचतांहि सांगतां येतें: पहिलें प्रकरण जीवनपट, दुसरें कथा, तिसरें कादंबरी, चौथें ललित लेख, पांचवें भाषाशैली, आणि मग उपसंहार, ज्यांत लेखकाचें स्थान महत्त्वाचें असल्याचें आढळून येतें. स्थान महत्त्वाचें नाहीं असें आढळून आलेला प्रबंध आमच्या पाहण्यांत नाहीं. समाजशास्त्राकडे वळावें तर तेथें दोनशें प्रश्नपत्रिका भरून घ्यावयाच्या, त्यांचे तक्ते करावयाचे, प्रत्येक तक्त्याखालीं तोच मजकूर वाक्यांनीं पुन्हा लिहावयाचा, आणि चारहि गृहीतकें सिद्ध झालीं असें जाहीर करावयाचें. ज्या संशोधनांत संशोधकाचा एकहि तर्क कधीं खोटा पडत नाहीं, तेथें शोधण्यासारखें कांहीं होतें काय?

आतां संशोधनाचें कसब म्हणजे काय, हें सांगण्याची जबाबदारी आमच्याकडे येते. त्याची व्याख्या करण्यापेक्षां तें कोणाच्या हातीं कसें होतें हें पाहणें बरें.

इरावती कर्वे १९२० च्या दशकाच्या अखेरीस बर्लिनला गेल्या. त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर हे त्या काळचे मोठे नांवाजलेले मानववंशशास्त्रज्ञ. वंशभेदाच्या ज्या कल्पनांचा पुढें नाझी राजवटीनें आधार घेतला त्या कल्पनांचे ते पुरस्कर्ते होते. कवटीच्या दोन बाजूंतील असमानता आणि वंश यांचा संबंध आहे, गोऱ्या वंशांत ती अधिक असते व त्यांतच त्यांच्या बुद्धीच्या श्रेष्ठत्वाचें मूळ आहे, असा जो तर्क होता तो तपासण्याचें काम या विद्यार्थिनीकडे आलें. तिनें १४९ कवट्या मोजल्या. वंश आणि असमानता यांचा कांहींहि संबंध तिला दिसला नाहीं, आणि तसें तिनें प्रबंधांत लिहिलें. परक्या देशांत, परक्या भाषेंत, जो पदवी देणार त्याच्याच आवडत्या मताविरुद्ध! या प्रसंगांतील धैर्याची स्तुति पुष्कळांनीं केली आहे व ती योग्यच आहे; पण आमच्या मतें येथें धैर्याच्या आधीं कसब आहे. तिच्याजवळ असा प्रश्न होता कीं ज्याचें उत्तर 'होय' किंवा 'नाहीं' असें दोन्ही येऊं शकत होतें. तिच्याजवळ मोजण्याची अशी रीत होती कीं तिच्यावर तिचा स्वतःचा विश्वास बसला होता. हीं दोन नसतीं तर नुसत्या धैर्याची किंमत उद्धटपणाहून फारशी अधिक झाली नसती. आमच्या विद्यार्थ्यास पहिल्या वर्षीं एवढेंच शिकवावें: ज्या प्रश्नाचें उत्तर तुला आजच ठाऊक आहे तो प्रश्न सोडून दे. निम्मे विषय या एका चाळणींत गळून पडतील, आणि पडलेले बरे.

दुसरें उदाहरण पुण्याचें आहे. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचें काम १९१९ मध्यें हातीं घेतलें. १९२५ मध्यें विष्णु सीताराम सुकथनकर त्याचे प्रमुख संपादक झाले. १९४३ मध्यें ते वारले, आणि काम पुरें झालें १९६६ मध्यें. एकंदर १,२५९ हस्तलिखितें पाहिलीं गेलीं. या आंकड्यापुढें हात जोडून आपण पुढें जातों. थांबून पाहत नाहीं कीं हें काम रोज सकाळीं येऊन कसें केलें जात असे. श्लोक तक्त्याच्या माथ्यावर लिहावयाचा. खालीं प्रत्येक हस्तलिखितास एक ओळ. आणि जेथें अक्षर बदललें असेल तेथें तेवढेंच भरावयाचें. शारदा, बंगाली, तेलुगु, ग्रंथ, मल्याळम् अशा निरनिराळ्या लिप्यांच्या पोथ्या. कांहींचें काम शांतिनिकेतनांत व तंजावरास चाललेलें. असा तक्ता भरणाऱ्या मनुष्याला कोणता पाठ चांगला वाटतो हें कोणी विचारीत नव्हतें; पोथींत काय आहे हेंच लिहावयाचें. आवडीनिवडीचा, निर्णयाचा, विद्वत्तेचा अधिकार नंतर येतो, आणि तो आला तेव्हां तो कशाच्या आधारें चालविला हें वाचकास दिसावें म्हणून टाकलेले पाठहि पानाच्या तळाशीं छापले गेले. ज्यास हें संपादकाचें मत मान्य नसेल त्यास त्याच पानावरून वेगळें मत बनवितां यावें, ही त्यामागची दृष्टि.

टिपण ठेवण्याची ही शिस्त आम्हांस सर्व कसबांचें मूळ वाटते. आजचा विद्यार्थी काय करतो? पुस्तकाच्या पानाचें मोबाईलवर चित्र घेतो. चार वर्षांत अशीं चार हजार चित्रें जमतात, आणि लिहावयास बसला म्हणजे कोणतें चित्र कोणत्या ग्रंथाचें हें त्यालाच सांगतां येत नाहीं. वाचलेल्यांतून काय घेतलें, ग्रंथकाराचे शब्द कोणते आणि आपले कोणते, आपल्याला शंका कोठें आली आणि ती कोणत्या दिवशीं फिटली, हें ज्याच्या वहींत तारीखवार नाहीं त्याच्या हातून चौर्य घडण्यास वाईट हेतूचीहि जरूर नाहीं. दोन वर्षांनीं दुसऱ्याचें वाक्य त्याला स्वतःचेंच वाटूं लागतें. यंत्राचे टक्के येथें काय कामाचे?

तिसरी गोष्ट थोडक्यांत सांगतों. दामोदर धर्मानंद कोसंबी हे गणिताचे पंडित. जुन्या चांदीच्या नाण्यांवरून इतिहास काढावा असें त्यांच्या मनांत आलें तेव्हां त्यांनीं प्रथम हजारों नाणीं काट्यावर तोललीं, आणि त्यांत चालू व्यवहारांतलीं साधीं नाणींहि होतीं. कारण हातोहात फिरून नाणें किती झिजतें हें कळल्यावांचून जुन्या नाण्याच्या वजनाचा अर्थ लागत नाहीं. संख्येचें शास्त्र असें वापरावयाचें असतें. संगणकांत आंकडे भरून जें बाहेर येईल तें प्रबंधांत चिकटविणें याला आम्ही संख्याशास्त्र म्हणत नाहीं. ती मुनीमगिरीहि नव्हे, कारण मुनीमाला बेरीज कशाची आहे हें तरी ठाऊक असतें.

यावर एक आक्षेप ठरलेला आहे. 'हीं माणसेंच असामान्य होतीं. सामान्य विद्यार्थ्यास तीं उदाहरणें काय कामाचीं?' हा आक्षेप विनयाचा वेष घेऊन येतो, पण तो आळसाचा वकील आहे. सुकथनकर जन्मतः पाठचिकित्सा घेऊन आले नव्हते. ते केंब्रिजला गणित शिकले, आणि पुढें बर्लिनमध्यें ल्यूडर्स यांच्यापाशीं बसून त्यांनीं ही विद्या घेतली. एकोणिसाव्या शतकांत जर्मन विद्यापीठांनीं जी चर्चासत्राची पद्धति रूढ केली तिचें सारें मर्म यांतच होतें कीं आचार्य आणि पांचदहा विद्यार्थी एकच कागद टेबलावर ठेवून बसत आणि आचार्य तो कसा वाचतो हें विद्यार्थी पाहत. पुण्यास तक्ते भरणारे शास्त्री व पदवीधर तरी कोण होते? त्यांपैकीं बहुतेकांचीं नांवें आज कोणाच्या ओठांवर नाहींत. तीं सामान्यच माणसें होतीं, आणि कसब त्यांच्या हातीं आलें तें शेजारीं बसून काम केल्यानें आलें. सुताराचा मुलगा रंधा धरावयास व्याख्यानानें शिकत नाहीं. तसाच ज्याचा बाप सुतार नाहीं तोहि शिकूं शकतो, त्याला शेजारीं बसूं दिलें तर. ही शेवटची अट महत्त्वाची आहे. घरांत ज्यांच्या पुस्तकें होतीं, त्यांना या गोष्टी थोड्याबहुत वाऱ्यावर मिळाल्या. घरांतला पहिलाच पदवीधर असलेला जो विद्यार्थी आज खेड्यांतून विद्यापीठांत येतो, त्याला त्या मुद्दाम, उघडपणें, हातीं धरून शिकवावयास पाहिजेत. 'प्रतिभा शिकवितां येत नाहीं' असें म्हणून जे हात झटकतात ते त्या मुलालाच दार बंद करतात.

मार्गदर्शकांना वेळ नसतो, असेंहि सांगतात. नियमानें प्राध्यापकाकडे एका वेळीं ८, सहयोगी प्राध्यापकाकडे ६ आणि सहायक प्राध्यापकाकडे ४ यांहून अधिक विद्यार्थी असूं नयेत. एकेकास आठवड्यास एक तास दिला तर सर्वांत मोठ्या मार्गदर्शकाचे आठ तास होतात. एवढा वेळ ज्याला नाहीं त्यानें आठ विद्यार्थी घेऊं नयेत, दोन घ्यावे. पण मार्गदर्शकाचें नांव किती प्रबंधांवर आहे हा जोंपर्यंत त्याच्या बढतीचा हिशेब आहे, तोंपर्यंत दोन कोण घेईल? आणि विद्यार्थीहि मार्गदर्शकापुढें जे वाकतात तें शिकण्यासाठीं नव्हे. सरांच्या मुलाला शाळेंतून आणणें, बाईंच्या परिसंवादाच्या खुर्च्या मांडणें, त्यांच्या निबंधावर आपलें श्रम आणि त्यांचें नांव घालणें, हीच ज्यांची उमेदवारी, त्यांच्याकडून बर्लिनच्या त्या विद्यार्थिनीसारखें 'आपला तर्क मला आढळला नाहीं' हें वाक्य कधीं निघावयाचें? गुरूशीं सभ्यपणें, पुराव्यानिशीं असहमत होतां येणें हेंहि शिकण्याचें कसब आहे, आणि तें शिकवितां येणें ही मार्गदर्शकाची परीक्षा आहे.

लिहिण्याविषयीं फार लिहीत नाहीं. चार वर्षें वाचावयाचें आणि पांचव्या वर्षीं लिहावयाचें ही समजूत मोडली पाहिजे. महिन्यास दहा पानें, वाईट कां होईनात, पहिल्या महिन्यापासून मार्गदर्शकाच्या हातीं पडलीं पाहिजेत, आणि तीं लाल शाईनें भरून परत आलीं पाहिजेत. जाडीचा मोहहि सोडावा. कमला भागवत, पुढच्या कमला सोहोनी, यांना १९३३ मध्यें बंगळूरच्या संस्थेंत स्त्री म्हणून प्रथम प्रवेश नाकारला गेला होता. त्यांनींच १९३९ मध्यें केंब्रिजची पीएच्.डी. मिळविली, आणि त्यांचा प्रबंध अवघ्या ४० पानांचा होता. वनस्पतींच्या पेशींत सायटोक्रोम-सी असतें हें सांगावयाचें होतें. तें सांगून झालें तेथें त्या थांबल्या. आमच्याकडे चाळीस पानें प्रस्तावना व ऋणनिर्देश यांतच संपतात. मराठ्यांच्या इतिहासावर प्रबंध लिहिणाऱ्यास मोडी येत नसावी, हेंहि असेंच एक आश्चर्य. पुण्याच्या पेशवे दफ्तरांतून गोविंद सखाराम सरदेसाई यांनीं १९३० च्या दशकाच्या आरंभीं ४५ खंड निवडून छापले; न छापलेलें तेथें केवढें पडलें आहे हें ज्यास ठाऊक आहे, त्यास छापील खंडांवरूनच सहावा प्रबंध लिहिण्याची लाज वाटावी.

आणि आतां तर प्रश्न टाकल्याबरोबर पानेंच्या पानें लिहून देणारीं यंत्रें प्रत्येकाच्या खिशांत आलीं आहेत. तीं जुळवाजुळव अशी करतात कीं साम्य मोजणाऱ्या यंत्रानें त्यांस पकडणें कठीण. यावर बंदीचे ठराव होतील, शोधक यंत्रें विकत घेतलीं जातील, आणि नियमांच्या जुन्या शर्यतीस नवा घोडा मिळेल. आम्हांस या यंत्रांची धास्ती वाटत नाहीं. प्रबंध म्हणून जें तयार होत होतें तें यंत्रास साधण्याजोगें होतें, एवढेंच त्यांनीं उघड केलें. जें त्यांस साधत नाहीं तें तपासण्याची सोय मात्र करतां येईल, आणि त्यासाठीं आयोगाच्या नव्या नियमाची वाटहि पाहावयास नको. एखाद्या विभागानें मनांत आणलें तर येत्या सत्रापासून ती होईल. प्रत्येक विद्यार्थ्याची टिपणवही पहिल्या दिवसापासून क्रमांक घालून द्यावी. दर महिन्यास मार्गदर्शकानें तींत तारीख घालून सही करावी, आणि सही करण्यापूर्वीं ती वाचावी. चुकलेले तर्क खोडून टाकूं देऊं नयेत, एका रेघेनें रद्द करून वाचतां येतील असे ठेवावे. आणि मौखिक परीक्षेच्या दिवशीं बांधलेल्या ग्रंथाबरोबर या साऱ्या वह्या टेबलावर आल्याशिवाय परीक्षकांनीं पहिला प्रश्न विचारूं नये.